घरातील औषधपाण्याचे दप्तर
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. सारा जन्म मुलांना त्रैराशिक व शुद्धलेखन शिकविण्यात गेला. संगणकाचे शास्त्र मी शिकलेलो नाही. तरीही आज त्याच विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे, कारण हा विषय एका रात्री न बोलाविता आमच्या घरात शिरला.

२०२३ च्या डिसेंबरात आम्ही सारे लग्नासाठी कोल्हापुरास गेलो होतो. मध्यरात्री माझे थोरले बंधू दादा यांच्या छातीत कळ आली. रुग्णालयात नेताच डॉक्टरांनी विचारले, पूर्वी हृदयात स्टेंट कोठे बसविला? औषधे कोणती चालू आहेत? कशाची बाधा होते काय? स्टेंट पुण्यास २०१८ साली बसविला, एवढे मला ठाऊक होते. वहिनींनी सांगितले, ‘सकाळी पिवळी गोळी आणि रात्री अर्धी पांढरी.’ त्या वेळी शिरेत सोडलेल्या रंगद्रव्याने दादांच्या अंगावर गांधी उठल्या होत्या व त्यांना धाप लागली होती, असे पुसटसे स्मरत होते. पण ते रंगद्रव्याने की एखाद्या इंजेक्शनाने, हे छातीठोकपणे सांगणारा कोणी नव्हता. पुन्हा तेच रंगद्रव्य सोडण्यापूर्वी डॉक्टरांना ते समजणे अगत्याचे होते.

चिपळूणच्या शेजाऱ्यांना उठवून, त्यांच्यापाशी ठेवलेल्या किल्लीने घर उघडविले. ट्रंकेतील पिशवीत विजेची बिले, लग्नपत्रिका व औषधांच्या चिठ्ठ्या एकत्र नांदत होत्या. हृदयाच्या आलेखाची पट्टी सापडली, ती कोरी झालेली! तो कागद उष्णतेने उमटणारा असतो. त्यावरील अक्षर काळाने उडून जाते. पुण्याच्या रुग्णालयाने सांगितले की जुने दप्तर आता नाही. पहाटे साडेचारला डिस्चार्ज कार्ड मिळाले व त्याचे छायाचित्र फोनवर आले. बाधा रंगद्रव्याचीच होती. दादा वाचले, परंतु ते चार तास मी विसरू शकत नाही. दोष त्या रुग्णालयापेक्षा माझा अधिक. आयुष्यभर शाळेचे जनरल रजिस्टर जिवापाड जपणाऱ्या मला घरचे दप्तर ठेवता आले नाही.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे आंतररुग्णाचे दप्तर उपचाराच्या प्रारंभापासून तीन वर्षे ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि रुग्णाने मागितल्यास ते ७२ तासांत द्यावयाचे असते. म्हणजे मागण्याचा हक्क आपणांस आहे, परंतु तो वेळेवर बजावला पाहिजे. घरी परतताना सारे कागद व तपासण्यांची सीडी मागून घ्यावी. संकोच करू नये.

पुढचे मला सूनबाईने शिकविले. फोनमध्ये गूगल ड्राइव्ह नावाचे साधन आहे. त्यातील कॅमेऱ्याचे चिन्ह दाबून कागदावर धरले की ते कडा ओळखून सरळ प्रत काढते, आणि अनेक पानांची एकच पीडीएफ होते. ती प्रत ‘क्लाउड’मध्ये जाते. ढगात कागद ठेवावयाचे, या कल्पनेने मी प्रथम हसलो. तो ढग म्हणजे दूरच्या कोठारातील यंत्रे होत. १५ जीबी जागा विनामूल्य मिळते, मात्र टपाल व छायाचित्रेही तीच जागा खातात.

खरी मेहनत नावे देण्यात आहे. फोन आपण होऊन जे नाव देतो ते निरुपयोगी. मी प्रत्येक व्यक्तीचा एक कप्पा केला आणि नावात वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, त्यापुढे गाव व विषय असा क्रम धरला: ‘२०१८-०९-१२ पुणे डिस्चार्ज’. असे केले की कागद आपोआप कालक्रमाने उभे राहतात. सर्वांच्या वर एक पान: रक्तगट, चालू औषधे, बाधा, डॉक्टरांचा फोन. कोल्हापुरास हे एकच पान हवे होते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले अहवालही त्याच दिवशी कप्प्यात हलवावेत. फोन हरवला की ते गेले. सीडीवरील चित्रे ‘डायकॉम’ पद्धतीची असतात, साध्या छायाचित्राप्रमाणे उघडत नाहीत; म्हणून त्यातील एखादी फाईल न उचलता सबंध सीडीची नक्कल करावी. नव्या संगणकांना बहुधा सीडीची खाचच नसते, तेव्हा हे काम लांबवू नये.

काही जण म्हणतात, सरकारचा १४ अंकी आभा क्रमांक असता हा खटाटोप कशाला? तो क्रमांक अवश्य घ्यावा. परंतु त्या योजनेत कागद त्या त्या रुग्णालयाकडेच राहतात व आपल्या संमतीने जोडले जातात. जे रुग्णालय जोडलेले नाही, त्याचा २०१८ चा कागद त्यात आपण होऊन कोठून येणार?

आता थोडे अप्रिय बोलतो. मंडळानेच एक खाते उघडून सर्व कुटुंबांचे कागद एकत्र ठेवावेत, अशी सूचना कार्यकारिणीत आली होती. हेतू उदात्त होता, पण मी विरोध केला व आजही करतो. आपल्यात विवाह जुळविताना काय काय चौकशा होतात, हे आपण सारे जाणतो. मुलीला फिट येत होती, कोणाच्या मनाचा उपचार चालू होता, हे मंडळाच्या चिटणिसांना कळावयाचे कारण नाही. मीही चिटणीस होतो, म्हणून बोलतो. याच भीतीने आपल्या आयाबहिणी कागद फाडून टाकीत आल्या. कप्पा ज्याचा त्यानेच ठेवावा. ‘दुवा असलेल्या कोणालाही’ अशी परवानगी कधीही देऊ नये. मुलगा, मुलगी किंवा बहीण यांनाच नावानिशी द्यावी. खात्यास दुहेरी कुलूप लावावे. आणखी एक: दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल काढून टाकू शकते. आपल्यामागे ते कोणाच्या हाती जावे, हे आधीच नोंदविण्याची सोय त्यातच आहे. मी सूनबाईचे नाव नोंदविले आहे.

येत्या महिन्यापासून दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी या सभागृहाच्या ओसरीवर बसेन. पिशवी आणावी, आपला फोन आणावा, आणि शक्यतो घरातील एक तरुण माणूस सोबत असावे. कागद मी वाचणार नाही. कप्पा कसा करावयाचा तेवढे दाखवीन. विजेची बिले मात्र घरीच ठेवून यावे.