कुशावर्ताला भरती का येत नाही?



डोंगराच्या कुशीतल्या ह्या त्र्यंबकात समुद्राच्या भरती-ओहोटीवर बोलायचे, हे काहींना विचित्र वाटेल. पण आपल्याच डोंगररांगेत उगम पावलेली वैतरणा पश्चिमेकडे जाऊन अर्नाळ्याजवळ अरबी समुद्राला मिळते, आणि तिच्या खाडीत दिवसातून दोनदा समुद्र उलटा वर चढतो.

कोकणातला कोळी भरतीची वेळ पंचांगावरून काढतो. पंधरवड्यातील तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास अदमासाने निघतो. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. भरती चंद्राच्या मागे चालते, म्हणून हा हिशेब जमतो.

चंद्राकडच्या बाजूचे पाणी चढते, हे आम्हाला सहज पटते. मग त्याच वेळी पृथ्वीच्या पाठीमागच्या बाजूलाही का चढावे? खरी मेख इथे आहे. चंद्र जवळच्या पाण्याला अधिक ओढतो, पृथ्वीच्या गाभ्याला त्याहून कमी आणि पलीकडच्या पाण्याला सर्वांत कमी. अलीकडचे पाणी पृथ्वीच्या पुढे सरते, पलीकडचे मागे राहते; फुगवटे दोन होतात. म्हणजे भरती आणते ती नुसती ओढ नव्हे, दोन बाजूंच्या ओढीतला फरक. न्यूटनने १६८७ साली हे कोडे उलगडले.

सूर्याची पृथ्वीवरची ओढ चंद्राच्या सुमारे १८० पट आहे. तरी त्याची भरती चंद्राच्या भरतीच्या निम्म्याहूनही कमी! कारण चंद्र पृथ्वीच्या अवघ्या तीस व्यासांवर आहे, सूर्य जवळजवळ बारा हजार व्यासांवर. इतक्या लांबून पृथ्वीची अलीकडची आणि पलीकडची बाजू त्याला सारखीच. अमावास्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत येतात आणि एखाद-दोन दिवसांत उधाण येते. अष्टमीला ते काटकोनात असतात, तेव्हा भांगाची भरती. बाकी किनाऱ्याची ठेवणही आहेच. खंबायतच्या निमुळत्या आखातात भरती मुंबईच्या दुपटीच्या आसपास चढते.

आता आपले कुशावर्त. त्याच्या ह्या काठापासून त्या काठापर्यंत चंद्राच्या ओढीत फरक तो किती पडणार? जवळजवळ शून्य. म्हणून तिथे भरती नाही. अमावास्येला माणसाच्या अंगातल्या पाण्यालाही भरती येते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना आम्ही कुशावर्ताच्या पायऱ्यांवर नेऊन बसवू. माणूस तर कुंडाहूनही लहान.

भिण्यासारखे काही असेल तर ते निराळेच आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. पौर्णिमा होऊन पाच दिवस झाले होते. पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे भरती दुपारची. पावसाचा जोरही दुपारीच वाढला. मिठी नदी समुद्राकडे निघाली, तर समोरून समुद्रच आत येत होता. पाणी मग घरांत शिरले.