मुखवट्यांच्या सभेत एक बाई
(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



फळ्यावरचा विषय वाचून काहीजणी हसल्या, ते मी पाहिलं. गुप्त मंडळं, भुयारं, उमरावांची कारस्थानं, हे स्त्रियांच्या अभ्यासवर्गात कशाला? पण आपल्यातल्या कितीजणींनी गो. ना. दातारांची 'कालिकामूर्ती' अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचली आहे, हात वर करा बघू! रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांवरून दातारांनी मराठीत आणलेल्या त्या गोष्टी मीही अशाच वाचल्या. अशा गोष्टींत बाई कुठे असते, हा प्रश्न मात्र तेव्हा पडला नाही. बहुतेकदा तिला कुणीतरी पळवून नेलेलं असतं, नाहीतर ती विष कालवत असते. मेणबत्तीच्या उजेडात शपथा होतात त्या खोलीत ती नसते.

म्हणून आज एका अशा कादंबरीबद्दल बोलणार आहे, जिच्यात बाई त्या खोलीत जाते. लेखिका फ्रान्सची जॉर्ज सांद. हे पुरुषी नाव तिने घेतलेलं. मूळची ती ओरोर द्युपँ, जन्म १८०४. त्याच वर्षी नेपोलियनचा कायदा आला आणि त्यात बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावं असं स्पष्ट लिहिलेलं होतं. १८१६ मध्ये घटस्फोटही बंद झाला, तो थेट १८८४ पर्यंत. सांदला १८३६ मध्ये कोर्टातून नवऱ्यापासून फक्त विभक्त होता आलं. 'कोन्सुएलो' आणि तिचा पुढचा भाग 'रुडॉल्स्टाटची काउंटेस' या कादंबऱ्या १८४२ ते १८४४ या काळात क्रमशः छापून आल्या, त्याही सांदने मित्रांबरोबर काढलेल्या मासिकातून. मला फ्रेंच येत नाही, मी इंग्रजी भाषांतरावरून बोलते आहे.

कोन्सुएलो ही अठराव्या शतकातल्या व्हेनिसमधली गरीब, भटक्या बाईची मुलगी. गळा दैवी. पोर्पोरा नावाचा गुरू तिला शिकवतो. (हा पोर्पोरा खराखुरा संगीतकार होता.) प्रियकर दगा देतो, तेव्हा ती बोहेमियातल्या एका उमरावाच्या किल्ल्यात नोकरीला जाते. तिथला वारस आल्बर्ट जमिनीखालच्या गुहेत जाऊन बसतो आणि पूर्वजांनी केलेल्या अत्याचारांनी झुरतो. त्याला शोधायला ती एकटी विहिरीतून खाली उतरते. पुढे मुलाचे कपडे घालून, तरुण हायडनच्या सोबतीने व्हिएन्नापर्यंत पायी जाते. आल्बर्ट मरणाच्या दारात असताना ती त्याच्याशी लग्न करते, पण पदवी आणि इस्टेट दोन्ही नाकारते. दुसऱ्या भागात बर्लिन. राजा फ्रेडरिकच्या बहिणीच्या गुप्त प्रेमप्रकरणात अडकून ती स्पांडाऊच्या तुरुंगात पडते आणि तिथून 'अदृश्य' नावाचं गुप्त मंडळ तिला सोडवतं. हे सगळं मी भराभर सांगितलं. वाचताना त्यात आठवडे जातात, आणि मधली काही प्रकरणं, खरं सांगते, मी उडवली.

थांबायचं ते या मंडळापाशी. 'अदृश्यां'ना युरोपात समता आणायची आहे. पण कोन्सुएलोने न विचारता आज्ञा पाळावी, अशी त्यांची अपेक्षा. मुखवटे घातलेले न्यायाधीश तिच्या लग्नाचा निवाडा करायला बसतात. आल्बर्ट मेला असं ती समजत असते आणि आता तिचा जीव एका मुखवटाधारी स्वारावर जडलेला असतो. (तोच आल्बर्ट, हे वाचकाला तिच्याआधी कळतं.) त्या न्यायाधीशांपैकी एका म्हाताऱ्यापाशी ती मन मोकळं करते, आणि तो मुखवटा काढतो तर आत बाई! आल्बर्टची आई वांदा. मनाविरुद्ध लग्न झालेली, मेली समजून जिवंत पुरली गेलेली आणि त्यातून वाचून लपून राहिलेली. प्रेमाशिवाय लादलेलं लग्न म्हणजे काय हे ती सुनेला सांगते. सासूने सुनेला हे सांगावं! घटस्फोट नसलेल्या देशात, साहसकथेच्या आडून सांदने हे छापलं. दीक्षेआधी कोन्सुएलोला किल्ल्याखालच्या भुयारात एकटीला पाठवतात. तिथे उमरावांनी माणसं छळायला वापरलेली हत्यारं तशीच पडलेली असतात. ज्या घराण्याची ती सून झाली, त्या वर्गाचा हिशेब तिला आधी डोळ्यांनी बघायला लागतो.

प्रत्यक्षातली मंडळं इतकी उदार नव्हती. लंडनच्या फ्रीमेसन मंडळींनी १७२३ च्या नियमावलीत गुलामांबरोबर बायकांनाही दार बंद केलं होतं. फ्रान्समध्ये मारिया देरेम या कार्यकर्तीला १८८२ मध्ये एका लॉजने दीक्षा दिली, त्यावर वादंग झाला आणि १८९३ मध्ये तिला स्त्री-पुरुषांची वेगळी संघटना काढावी लागली. म्हणजे सांदने हे लिहिल्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी.

आता आपल्याबद्दल. नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बाईला आपण कुठे ठेवलंय, हे आपण तिच्या भावालाही सांगत नाही. ती गुप्तता मला मान्य आहे, त्यावर तिचा जीव अवलंबून असतो. पण मी एका संस्थेत अकरा वर्षं काम केलं. तिथले निर्णय तिघीजणी आधीच, दुसऱ्याच खोलीत घेऊन यायच्या आणि बैठकीत आम्ही फक्त माना डोलवायचो. एकदा एका बाईची केस आम्ही सोडून द्यायची असं ठरलं. का, हे तिलाही सांगितलं नाही, मलाही नाही. मी विचारलं नाही. कोन्सुएलो निदान विचारते.

सांदवर माझा रागही आहे. एप्रिल १८४८ मध्ये क्रांतीनंतर पॅरिसच्या 'बायकांचा आवाज' या वृत्तपत्रातल्या स्त्रियांनी तिचं नाव निवडणुकीसाठी सुचवलं. तिने वर्तमानपत्रातून झिडकारलं. आधी लग्नातली गुलामी जाऊ दे, मग राजकीय हक्क, असं तिचं म्हणणं. तिकडे मतासाठी फ्रेंच बायका १९४४ पर्यंत थांबल्या. तिचा मुद्दा मला अर्धा पटतो; नवऱ्याच्या मुठीत असलेल्या बाईचं मत कुणाचं, हे आपण गावागावांत पाहिलं आहे. पण झिडकारण्याची ती भाषा नाही पटत.

आणि शेवट. कोन्सुएलोचा आवाज जातो. आल्बर्टचं भान हरपतं. दोघं पोरांसह रस्त्यावर भटकत, वाजवत फिरतात आणि गाणं मुलगा म्हणतो. काहीजणी म्हणतील, हीसुद्धा बाईलाच शिक्षा. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही तसंच वाटलं आणि पुस्तक रागाने मिटलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की त्या रस्त्यावर तिला कुणी मुखवटा घालायला सांगत नाही. कोणतं वाचन खरं, यावर चहानंतर भांडू. पहिल्या भागाच्या दोन प्रती माझ्या पिशवीत आहेत, नेणारीने वहीत नाव लिहावं.