गोठलेल्या तळ्यावरील मोटार

बर्फ म्हटलें कीं आपणां शहरवासीयांच्या डोळ्यांपुढें रसवंतिगृहांतील, भुशांत पुरलेली लादी उभी राहते. तिच्यावरून कोणी मोटार हांकील, ही कल्पना आपणांस थट्टेची वाटावी. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मिनेसोटा या उत्तरेकडील संस्थानांत हा हिंवाळ्याचा नित्य व्यवहार आहे. तेथील मिल लॅक्स नांवाच्या विस्तीर्ण सरोवरावर लोक खोपटीं ओढून नेतात, गिरमिटानें बर्फास भोंक पाडतात आणि त्यांत गळ सोडून तासन् तास बसतात. कांठापासून खोपटापर्यंत बहुधा मोटारीनेंच जावयाचें. त्या संस्थानांत दर हिंवाळ्यांत अशा कांहीं मोटारी पाण्यांत जातात.

पाणी ४ अंश सेंटिग्रेडला सर्वांत जड असतें. त्याहून थंड झालें कीं तें हलकें होऊन वर राहतें. म्हणूनच तळें वरून गोठतें व खालीं मासे जिवंत राहतात. हा धडा मीं वर्गांत कित्येक वर्षें शिकविला. पण निसर्गानें माशांसाठीं घातलेल्या या छपराचा माणसांनीं गाडीतळ केला आहे, हें क्रमिक पुस्तकांत नव्हतें!

मग बर्फ किती जाड असावा? मिनेसोटाच्या नैसर्गिक संपत्ति खात्याचें सांगणें असें कीं, नवा, स्वच्छ, टणक बर्फ पायीं चालण्यास ४ इंच, लहान मोटारीस ९ ते १० इंच आणि मध्यम पिकअप गाडीस सुमारें १३ इंच तरी हवा. पांढरा, हिममिश्रित बर्फ असेल तर ही जाडी दुप्पट धरावी. आंकडे सोपे आहेत. अडचण तळ्याची आहे. एके ठिकाणीं दीड फूट बर्फ असतो, तर थोड्याच पावलांवर, जेथें तळाशीं झरा आहे किंवा ओढा येऊन मिळतो तेथें, त्याच्या निम्माहि नसतो. वर पडलेलें हिम तर रजईप्रमाणें थंडी अडवून बर्फाची वाढ खुंटवितें.

माझा एक जुना विद्यार्थी मिनिॲपोलिस शहरीं नोकरीस आहे. त्याच्या शेजाऱ्याची पिकअप अशीच गेली. "मागल्या शनिवारीं याच वाटेनें गेलों होतों," एवढेंच ते गृहस्थ पुनःपुन्हा म्हणत होते, असें त्यानें मला लिहिलें. मला वाटतें, येथेंच सारी गोम आहे. चाकोरी पडली कीं ती रस्ता वाटूं लागते, आणि गिरमिट गाडींतच पडून राहतें.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. मोटारीच्या भारानें बर्फ किंचित् लवतो, व खालच्या पाण्यांत एक लाट तिच्याबरोबर चालते. गाडीचा वेग त्या लाटेच्या वेगाशीं जुळला तर हें लवणें वाढत जाऊन बर्फ फुटतो. म्हणून हळू हांकावें व दोन गाड्यांत पुष्कळ अंतर ठेवावें. १९४१-४२ च्या हिंवाळ्यांत वेढा पडलेल्या लेनिनग्राडला लॅडोगा सरोवराच्या बर्फावरून धान्य नेणाऱ्या लॉऱ्या बुडूं लागल्या, तेव्हां रशियन शास्त्रज्ञांनीं या लवण्याचें मोजमाप केलें. चालक दार उघडें ठेवून लॉरी हांकीत. तेथें उपाशी नगराची भाकरी होती. येथें एक मासा!

गाडी इंजिनाच्या भारानें नाकावर बुडते, आणि बाहेरील पाण्याच्या दाबानें दारें उघडेनाशीं होतात. यास्तव बर्फावर असतांना कांचा खालीं आणि कमरेचा पट्टा सोडलेला असावा. त्या पाण्यांत पहिलें मिनिट धाप आवरण्यांतच जातें. हातपाय उपयोगीं पडतात ते पुढचीं दहाएक मिनिटें. जाणते लोक गळ्यांत दोन टोंचे बांधून घेतात, ते बर्फांत रोवून अंग वर ओढतां येतें. वर आल्यावर उभें राहूं नये. आलों त्याच दिशेनें लोळत जावें.

माणूस वांचला तरी प्रकरण संपत नाहीं. तेल व पेट्रोल पाण्यांत मिसळूं नये म्हणून मालकानें बुडालेली गाडी ३० दिवसांच्या आंत बाहेर काढावी, असा तेथील कायदा आहे. मग करवतीनें बर्फ कापतात, पाणबुडे उतरतात, हवेच्या पिशव्या फुगवून व कप्पी लावून गाडी वर आणतात. शेजारी खिडकींतून निसटले होते. त्यांची गाडी नवव्या दिवशीं वर आली. पुढें ती चाललीच नाहीं.