टिटवीपासून पन्नास पावलं मागे

(युवक-युवतींच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला विचारलं होतं, "करिअरवर बोलाल का?" मी म्हटलं, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, मला माझ्या शौकाबद्दल बोलू द्या. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. फोटोग्राफर म्हणवून घ्यावं एवढी माझी लायकी नाही. तीन वर्षांपूर्वी शिकायला लागलो, अजून शिकतोच आहे. पण माझ्या चुका ताज्या आहेत, त्या तुमच्या कामी येतील.

घरून काम सुरू झालं आणि माझं जग एका खोलीएवढं झालं. पाठ धरली, झोप उडाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. नुसतं चालणं काही जमेना. मग ओळखीच्या एकाकडून जुना डीएसएलआर आणि ७०-३००ची लेन्स २४ हजारांना घेतली. अब्बा म्हणाले, "एवढ्यात नवा फ्रिज आला असता." त्यांचंही चूक नव्हतं. म्हणून आधीच सांगतो, पहिलं वर्ष मोबाइलवर काढा. शौक टिकला तर कॅमेरा घ्या, तोही जुना घ्या.

पहिल्या रविवारी पुण्याजवळच्या कवडीपाटला गेलो. सोलापूर रस्त्यावर, मुळा-मुठेच्या काठावर ही जागा आहे. पाण्यावर शहराच्या सांडपाण्याचा फेस तरंगतो आणि त्याच पाण्यात हिवाळ्यात दूरवरून आलेले चक्रवाक पोहत असतात. मी ३४० फोटो काढले. घरी येऊन पाहतो तर जवळजवळ सगळे हललेले. मला वाटलं, लेन्स खराब आहे.

मग इंजिनिअरची सवय उपयोगी पडली. प्रोग्रॅम बिघडला की आपण आधी लॉग पाहतो. फोटोच्या फाइलमध्येही लॉग असतो. शटर किती, अ‍ॅपर्चर किती, आयएसओ किती, सगळं त्यात नोंदलेलं असतं. मी पाहिलं, शटर होतं सेकंदाचा १/६० भाग. ३०० मिमीची लेन्स हातात धरायची तर शटर निदान १/५०० हवं, आणि उडणाऱ्या पक्ष्यासाठी १/२०००च्या आसपास. शटर जलद केलं की प्रकाश कमी पडतो. मग अ‍ॅपर्चर उघडायचं, म्हणजे त्याचा आकडा कमी करायचा, नाहीतर आयएसओ वाढवायचा. आयएसओ वाढला की फोटोत दाणे दिसतात. ही तीन बाजूंची ओढाताण कळली की निम्मी फोटोग्राफी कळली. शिकताना एका वेळी एकच गोष्ट बदला. तिन्ही एकदम फिरवल्या तर काय बिघडलं आणि काय सुधारलं, ते कळणार नाही.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. दुपारी बाराचं ऊन डोक्यावरून पडतं, सावल्या काळ्या होतात, रंग विटतात. चांगला प्रकाश सूर्योदयानंतर तासभर आणि सूर्यास्ताआधी तासभर. तुमच्यापैकी जे फजरला उठतात त्यांनी पुन्हा अंथरुणात शिरू नये, एवढंच. उरलेल्यांनी गजर लावावा. या प्रकाशाला पैसे पडत नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी मी इथे उभा आहे, ती सांगतो.

मे महिना होता. सासवडच्या बाजूला एका माळावर मला टिटवीचं घरटं सापडलं. घरटं कसलं, जमिनीवर चार खडे बाजूला सारून केलेला खळगा. त्यात चार अंडी. रंग हुबेहूब मातीचा, एक पाऊल चुकलं असतं तर पायाखाली आली असती. मला आनंद झाला. मी पंधरा फुटांवर बैठक मारली. टिटवी परत येऊन बसली की फोटो काढायचा, असा बेत. ती येईना. डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहिली. मला वाटलं, थांबू या, फोटोग्राफरला सब्र हवा. अर्धा तास गेला. नऊ वाजून गेले होते, ऊन तापलं होतं.

शेळ्या घेऊन एक आजोबा आले. थोडा वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "पोरा, किती वेळ बसणार हायस? तिची अंडी शिजतील की उन्हात."

मी ताडकन उठलो. उन्हाळ्यात टिटवी अंड्यांवर बसते ती फक्त ऊब द्यायला नाही, सावली द्यायलाही. ती पाण्यात पोट भिजवून येते आणि त्या ओल्या पिसांनी अंडी थंड ठेवते. हे मी नंतर वाचलं. आजोबांना ते न वाचता माहीत होतं. मी ज्याला सब्र म्हणत होतो तो माझा हट्ट होता, आणि त्याची किंमत ती मोजत होती.

मी पन्नास पावलं मागे गेलो आणि बाभळीआड बसलो. चार-पाच मिनिटांत ती चालत आली, इकडंतिकडं पाहून बसली. एवढ्या लांबून काढलेला फोटो घरी दाखवला तर अब्बा म्हणाले, "माळ छान आहे. पक्षी कुठंय?" पण गेल्या तीन वर्षांतला हा एकच फोटो मी फ्रेम करून लावलाय.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे. पक्षी आपल्यामुळे उडाला तर आपण जास्त जवळ गेलो. घरट्याचा फोटो टाकला तर जागा सांगायची नाही, मोबाइलचं लोकेशनही काढून टाकायचं. माणसांनाही हाच न्याय. शेतात काम करणारी बाई, घाटावरची मुलं, आधी इजाजत घ्या. नाही म्हणाले तर हसून पुढे चला.

आपल्याकडेही कॅमेऱ्यामुळे लोक पाहतात. एकदा तलावाच्या बांधावर मला थांबवलं गेलं. इथे काय करताय, हा प्रश्न ठीक होता. नाव सांगितल्यावर सूर बदलला. मी ओळखपत्र दाखवलं, फोटो दाखवले. सगळे बगळे निघाले. त्यांनी सोडलं. पण घरी येऊन मी कॅमेरा कपाटात ठेवला, तो तीन आठवडे बाहेर काढला नाही. मग वाटलं, हा बांध, हे पाणी, हे बगळे माझ्याही गावचे आहेत. मी न गेल्यानं कुणाचंच काही अडत नाही, माझंच जग पुन्हा खोलीएवढं होतं. म्हणून जा. ओळखपत्र जवळ ठेवा, मनाईची पाटी असेल तिथे कॅमेरा काढू नका, तिघे-चौघे मिळून जा. बहिणींना मागे ठेवू नका.

शिक्षण संपून नोकरीची वाट पाहणारेही इथे आहेत. त्यांना सलीम अली आठवून देतो. १९३०च्या सुमारास ते जर्मनीतून शिकून परतले तेव्हा हातात नोकरी नव्हती. ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले आणि सुगरणींची घरटी पाहत बसले. आपण म्हणतो सुगरण, पण घरटं विणतो नर. तो अर्धं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर तो पुरं करतो आणि मग दुसरं घरटं विणायला घेतो. त्या निरीक्षणांनी त्यांचं नाव झालं. नोकरी नसल्याची काळजी त्यांनाही असणारच. पण त्या दिवसांत त्यांनी डोळे मिटून घेतले नाहीत.

येत्या रविवारी आपण कवडीपाटला जातोय. सकाळी सहाला शिबिराच्या फाटकाशी भेटू. पाण्याची बाटली, टोपी आणि ओळखपत्र आणा. भडक रंगाचे कपडे नकोत. कॅमेरा नसला तरी चालेल. माझा एक आहे, आळीपाळीने वापरू.