कॅमेरे बदलत गेले, फोटो कुठे राहिले?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



छायाचित्रणावर चार शब्द बोला, असे मला सांगण्यात आले तेव्हा मी थोडा संकोचलो. मी भाषेचा शिक्षक. फोटो काढणे हा माझा धंदा नव्हे, हौस आहे. आणि हौशी माणूस एकदा बोलू लागला म्हणजे त्याला आवरणे कठीण, हे आमच्या शिक्षक-खोलीतील मंडळी जाणतात. तेव्हा आधीच क्षमा मागून ठेवतो.

आमचे घर खोपटला. अब्बा एस.टी.च्या खोपट आगारात वाहक होते. त्यांच्याकडे आगफा क्लिक थ्री हा कॅमेरा होता. बडोद्याला तयार होणारा हा साधा डबा त्या काळी मध्यमवर्गीय घरांतून सर्रास दिसे. १२० नंबरचा रोल, त्यात बारा चौकोनी फोटो. मागच्या बाजूला एक लाल खिडकी असे. तीतून रोलच्या कागदावरचा आकडा दिसेपर्यंत किल्ली फिरवायची. फोकस वगैरे भानगड नाही. सूर्य पाठीशी घ्यावा, हात स्थिर ठेवावा, आणि खटका दाबावा. बारा फोटो म्हणजे बाराच. ईदला दोन, कुणाच्या निकाहला चार, असा हिशेब करूनच रोल वापरला जाई. घाईत किल्ली फिरवायची राहिली तर एकावर एक दोन फोटो उमटत.

असे एकदा झालेही. आमच्या दादीला फोटोचे वावडे. समोर बसायला ती कधीच तयार झाली नाही. एकदा ती ओट्यावर तांदूळ निवडत असता अब्बांनी दुरूनच खटका दाबला आणि रोल पुढे सरकवायला विसरले. दुसऱ्या दिवशी आगारात नवी गाडी आली, तिचा फोटो त्याच जागी पडला. रोल धुऊन आला तेव्हा दादी एस.टी.च्या टपावर बसून तांदूळ निवडीत होती! अब्बा घाबरत घाबरत तो फोटो घेऊन गेले. दादी हसली आणि म्हणाली, "तिकीट तरी फाडलंस का माझं?" दादीचा आमच्याकडे असलेला हा एकुलता एक फोटो.

कॅमेरा म्हणजे मुळात अंधारी खोली. अकराव्या शतकाच्या आरंभी इब्न अल-हैसम या बसऱ्यात जन्मलेल्या विद्वानाने ग्रहणाच्या वेळी बारीक छिद्रातून आत येणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास केला होता. आम्ही मागे एका दुपारी वर्गाच्या खिडक्यांना काळा कागद लावला आणि त्याला एक छिद्र पाडले. समोरच्या भिंतीवर रस्त्यावरची बस उलटी धावताना दिसली, तेव्हा मुलांनी जो गलका केला त्याने मुख्याध्यापक धावत आले. तेही पाच मिनिटे उभे राहून पाहत होते.

आपल्या मुंबईत हौशी छायाचित्रकारांची परंपरा फार जुनी आहे. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी १८५३ साली धावली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित होते. डॉक्टरी सांभाळून नारायण दाजींनी फोटो काढले. त्या काळी काचेवर रसायन ओतून, ती ओली असतानाच फोटो घेऊन लगोलग धुवावी लागे. म्हणजे अंधारी खोली बरोबर घेऊनच हिंडायचे. आमच्या हौसेला कष्ट पडले असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे?

माझा स्वतःचा पहिला कॅमेरा कोडॅक केबी टेन. पस्तीस मिलिमीटरचा रोल, दोन पेन्सिल सेल, छत्तीस फोटो. जपून रोल चढवला तर सदतिसावाही निघे, आणि तो निघाला की लॉटरी लागल्याचा आनंद. मग आला २६ जुलै २००५ चा पाऊस. कल्याणला खालाच्या घरात छातीपर्यंत पाणी शिरले. चौथ्या दिवशी आम्ही पोहोचलो तेव्हा फोटोंची पेटी म्हणजे एक लगदा झाला होता. आम्ही शहाण्यांनी ते फोटो उन्हात वाळत घातले. ते एकमेकांना असे चिकटले की सोडवताना चेहरेच निघून आले. असे भिजलेले फोटो सुकू न देता स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हलक्या हाताने सुटे करायचे असतात, हे मला फार उशिरा कळले. पण अब्बांनी सगळ्या निगेटिव्ह खोपटला बिस्किटाच्या डब्यात जपल्या होत्या. त्यांवरून खालाच्या लग्नाचे नऊ फोटो पुन्हा निघाले. ते हातात घेऊन ती किती वेळ रडत होती, ते मी सांगत नाही.

नोकरी लागल्यावर २०११ साली मी लहानसा डिजिटल कॅमेरा घेतला. पुढे बोरा बाजारातून एक वापरलेला मोठा कॅमेरा, आणि मग तुमच्यासारखाच मोबाईल. या डिजिटल कॅमेऱ्याची कथाही मजेदार आहे. १९७५ साली कोडॅक कंपनीतल्याच स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने तो पहिल्यांदा बनविला. वजन साडेतीन किलोच्या वर, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद! ज्या कंपनीत तो जन्मला तीच कंपनी २०१२ साली दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत गेली.

मोठ्या कॅमेऱ्याचा खरा उपयोग शाळेत झाला. अर्जाला फोटो हवा आणि मुलाकडे तो नाही, ही अडचण दर वर्षी येई. मी वर्गाच्या पांढऱ्या भिंतीपुढे मुलांना उभे करून फोटो काढू लागलो. एका मुलीने तिच्या तीन प्रती मागून घेतल्या. एक अर्जाला, दोन घरी. तोवर तिचा एकटीचा फोटोच नव्हता.

आता माझी चूक सांगतो. अम्मी २०२१ साली गेली. तिच्या शेवटच्या दोन वर्षांतले शेकडो फोटो माझ्या मोबाईलमध्ये होते: तिचे हसणे, माझ्या मुलीला मांडीवर घेऊन बसणे. एकही मी छापला नाही, दुसरीकडे उतरवूनही ठेवला नाही. उद्या करू म्हणत राहिलो. अम्मी गेल्यानंतर पाचव्या महिन्यात फोन माझ्याच हातून पाण्याच्या पिंपात पडला. दोन ठिकाणी दाखवला, काही निघाले नाही. आज माझ्याजवळ अम्मीचे जे फोटो आहेत ते अब्बांच्या क्लिक थ्रीतले, तरुणपणचे. माझ्या मुलीला तिची दादी तशीच ठाऊक आहे, काळ्या वेणीची. मी, ज्याच्याजवळ चार कॅमेरे होते, तिला पांढऱ्या केसांची दादी दाखवू शकत नाही.

म्हणून पालकांना एक विनंती. येत्या महिन्यापासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी वाचनालयात बसणार आहे. घरातले जुने फोटो, निगेटिव्ह घेऊन या. मोबाईलमधले पाच फोटो निवडून आणा, पन्नास नकोत. आपण त्यांच्या प्रती काढू, मागे पेन्सिलीने नाव आणि साल लिहू. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. निगेटिव्ह कडेने धरा, बोटे मध्ये लावू नका. आणि घरात वडीलधारी माणसे असतील तर त्यांना बरोबर आणा, कारण मागच्या रांगेत उभा असलेला तो मुलगा कोण, हे फक्त त्यांनाच सांगता येते. अब्बा येणार आहेत. डबा तेच आणतील.