पिशवीतले कागद



ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीसमोर सकाळी जी रांग लागते, तिच्यात जवळपास प्रत्येकाच्या हातात एक पिशवी असते. कापडदुकानाची, खत-बियाण्याच्या दुकानाची, नाहीतर कुठल्याशा लग्नात मिळालेली. आत घड्या पडून कडेला फाटलेले केसपेपर, गुंडाळी केलेला एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणि ईसीजीचा कागद. हा ईसीजीचा कागद उष्णतेवर छापला जातो. उन्हात किंवा प्लॅस्टिकमध्ये राहिला की तो पुसट होत जातो. पाच वर्षांपूर्वी हृदयाला काय झालं होतं ते ज्यावर उमटलं होतं, तो कागद आपल्या हातात येतो तेव्हा बऱ्याचदा कोरा असतो.

मराठवाड्यात तालुक्याच्या गावी मी बरीच वर्षं डॉक्टर म्हणून काम केलं. किती पिशव्या टेबलावर ओतून घेतल्या त्याची मोजदाद नाही. त्यातली एक मात्र डोळ्यांसमोरून जात नाही.

साठी उलटलेले एक शेतकरी. मुलगा आणि सून रात्री रिक्षात घालून त्यांना घेऊन आले. अंग घामानं भिजलेलं, तोंडानं काहीबाही बरळत होते, आणि पायऱ्या चढवेपर्यंत शुद्ध गेली. बोटाला टोचून साखर पाहिली तर ३४. शिरेतून ग्लुकोज दिलं, काही मिनिटांत आजोबांनी डोळे उघडले आणि सुनेला विचारलं, "म्हशीला पाणी दाखवलं का?" सगळे हसले. मला हसता आलं नाही. कारण ही साखर इतकी खाली का गेली ते मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सून घरून दोन पिशव्या घेऊन आली. महिन्यापूर्वी न्यूमोनियासाठी आजोबा शहरात दाखल होते. तिथल्या डॉक्टरांनी जाताना साखरेची गोळी लिहून दिली होती. गावात परतल्यावर ते नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी रीतसर विचारलं होतं, "काही चालू आहे का?" आजोबा म्हणाले होते, "एक पांढरी गोळी आहे." त्यांनीही साखर तपासली, ती वाढलेली होती, म्हणून गोळी दिली. दोन गोळ्या, दोन कंपन्या, दोन नावं, दोन रंगांच्या पट्ट्या. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं औषध मात्र एकच, ग्लिमेपिराइड. आजोबा दोन्ही गोळ्या प्रामाणिकपणे घेत होते. त्या दिवशी उपास असल्यामुळे पोटात अन्न नव्हतं. या औषधाचा परिणाम लांबतो, म्हणून त्यांना दोन रात्री ठेवून घ्यावं लागलं.

शहरातले डॉक्टर चुकले नव्हते आणि गावातलेही चुकले नव्हते. दोघांनी समोर जे दिसलं त्यावर बरोबर उपचार केले होते. एकानं लिहिलेलं दुसऱ्यापर्यंत पोचलं नाही, एवढंच झालं होतं. डिस्चार्ज कार्ड कपाटावर होतं. सुनेला वाटलं, ते छातीच्या दुखण्याचं आहे, साखरेच्या डॉक्टरला ते कशाला दाखवायचं?

आज आपल्याकडे एका डॉक्टरकडून दुसऱ्या डॉक्टरकडे निरोप नेणारा माणूस म्हणजे स्वतः रुग्ण. तापानं फणफणलेला, दमलेला, घाबरलेला, कधी बेशुद्ध. हे काम त्याच्यावर सोपवणं मला आजही अन्यायाचं वाटतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या बाबतीत तर हा अन्याय दुप्पट होतो. दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातून आणि आजूबाजूच्या भागातून हजारो कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, मार्च-एप्रिलपर्यंत कोपीत राहतात, फडात राबतात. त्यातली एखादी सहा महिन्यांची गरोदर असते. गावच्या उपकेंद्रात सिस्टरनं तिचं हिमोग्लोबिन तपासलेलं असतं, रक्तगट निगेटिव्ह आहे हे लिहून ठेवलेलं असतं, आधीचं बाळंतपण सिझेरियन होतं तेही नोंदलेलं असतं. आणि ते माता-बाल कार्ड गावी ट्रंकेत राहतं. तिला कळा सुरू होतात तीनशे किलोमीटरवर, अनोळखी दवाखान्यात, मध्यरात्री. तिथल्या डॉक्टरला शून्यापासून सुरुवात करावी लागते. रक्तगट निगेटिव्ह असलेल्या आईचं बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत एक इंजेक्शन द्यायचं असतं. ते चुकलं तर त्याची झळ पुढच्या बाळाला लागू शकते. रक्तगटाचा एक शब्द वेळेवर पोचण्यावर हे सगळं उभं आहे.

यावरचा उपाय म्हणून देशात एक मोठी खटपट चालू आहे. १५ ऑगस्ट २०२० रोजी राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा झाली. आधी सहा केंद्रशासित प्रदेशांत काम सुरू झालं, आणि २७ सप्टेंबर २०२१ला 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' या नावानं ते देशभर आलं. त्यात प्रत्येकाला एक १४ आकडी क्रमांक घेता येतो, त्याला 'आभा' म्हणतात.

इथे एक घोटाळा आधी सोडवते, कारण तो मी रोज ऐकते. आभा कार्ड म्हणजे पाच लाखांचं कार्ड नव्हे. ते आयुष्मान कार्ड. ते विमा योजनेचं, आणि आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी त्याची सांगड आहे. आभानं ऑपरेशन फुकट होत नाही. आभा हा तुमच्या आरोग्याच्या कागदांना लावलेला धागा आहे. शिवाय तो ऐच्छिक आहे. तो काढला नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. खिडकीवरचा माणूस वेगळं काही सांगत असेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना जाऊन भेटा.

सगळ्या देशाचे रिपोर्ट दिल्लीत एका मोठ्या कपाटात ठेवले जातात असा अनेकांचा समज आहे. योजनेची रचना तशी नाही. तुमचा रिपोर्ट जिथे तयार झाला, त्या लॅबमध्ये किंवा त्या रुग्णालयातच तो राहतो. तुम्ही दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात की ते मागणी पाठवतात. कोणते कागद हवेत, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे, कशासाठी आणि किती दिवसांसाठी, हे त्या मागणीत असतं. तुम्ही मोबाईलवर होकार दिलात तरच कागद पुढे जातो. दिलेला होकार मागे घेता येतो. मागितलेल्यापैकी थोडंच द्यायचं असेल तर तेही जमतं. ही रचना मला मनापासून पटते. सांध्याच्या डॉक्टरला माझं मूल पडल्याची नोंद दिसायचं काही कारण नाही.

पण प्रत्यक्षात काय होतं, ते ओपीडीत उभं राहून पाहिलेलं सांगते.

खिडकीवर गर्दी असते. आतला मुलगा म्हणतो, "मावशी, ओटीपी सांगा." मावशी सहा आकडे सांगतात. कशाला होकार दिला, कोणाला दिला, काही कळलेलं नसतं. केसपेपर मिळाला की त्या वळतात. याला मी संमती म्हणणार नाही. अंगठा उठवून घेण्यापेक्षा हे फार वेगळं नाही.

आणि तो मोबाईल कोणाचा असतो? खेड्यात कितीतरी घरांत चांगला फोन एकच, आणि तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात. बाईच्या आभाला जोडलेला नंबर त्याचाच. म्हणजे तिच्या आजाराची मागणी आली की होकार-नकार तो देणार, आणि कागदही आधी त्याच्याच फोनवर उघडणार. माझ्याकडे एक तरुण मुलगी यायची. तिला उदासीचा त्रास होता, गोळ्यांनी ती सावरत होती. दर वेळी ती पट्टीवरच्या गोळ्या सोडवून कागदाच्या पुडीत बांधून मागायची. सासरी पट्टीवरचं नाव कुणी वाचू नये म्हणून. "मॅडम, केसपेपरवर नुसतं अशक्तपणा लिहा," असं ती म्हणाली तेव्हा मी काय करावं हे मला सुचलं नाही. खोटं लिहिलं तर पुढचा डॉक्टर फसणार. खरं लिहिलं तर तिचा संसार पणाला लागणार.

कायद्यानं तिची बाजू घेतली आहे. मानसिक आजारांविषयीचा २०१७चा कायदा तिच्या आजाराची गुप्तता राखायला सांगतो. त्याच वर्षीचा एचआयव्ही-एड्सविषयीचा कायदा संसर्गाची माहिती उघड करायला मनाई करतो. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ला झालेल्या सुधारणेनं त्या स्त्रीचं नाव उघड करणं हा गुन्हा ठरवला. २०२३ला डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा आला. आरोग्याच्या माहितीसाठी वेगळा कायदा करायचा म्हणून २०१८ मध्ये मसुदाही तयार झाला होता, तो कायदा होऊ शकला नाही. याचं मला फार वाईट वाटतं. बँकेतले पैसे गेले तर कधीतरी परत मिळतील. आजाराचं नाव एकदा गावभर झालं की ते परत घेता येत नाही.

ही भीती हवेतली नाही. २३ नोव्हेंबर २०२२ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, सर्व्हर बंद पडले, आणि देशातलं सगळ्यात नावाजलेलं रुग्णालय कितीतरी दिवस नोंदणीपासून रिपोर्टपर्यंत सगळं पुन्हा हातानं लिहीत होतं. फिनलंडमध्ये २०२०ला याहून भयंकर घडलं. एका मानसोपचार संस्थेतल्या रुग्णांच्या नोंदी आधीच चोरीला गेल्या होत्या आणि चोरानं आता थेट त्या रुग्णांनाच पैशासाठी धमकावलं. डॉक्टरसमोर मन मोकळं केलेली ती माणसं होती.

म्हणून कागदच बरा, असं मात्र मी म्हणणार नाही. ग्लुकोज चढवलेला तो हात मी विसरू शकत नाही. एस्टोनिया या छोट्या देशात २००८ पासून सगळ्या नागरिकांच्या आरोग्य-नोंदी एकमेकींशी जोडलेल्या आहेत, आणि आपली नोंद कोणी उघडली हे रुग्णाला स्वतः पाहता येतं. कोण डोकावलं हे कळणं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. आपल्याकडे गावातल्या बाईला हे तिच्या भाषेत, तिच्या हातातल्या साध्या फोनवर कसं कळवायचं, यावर जितकं डोकं लावायला हवं तितकं लावलेलं मला दिसत नाही. आशाताईंना विचारलं तर त्या दहा मार्ग सांगतील. कोणत्या घरात फोन कोणाकडे असतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

थोडं आम्हा डॉक्टरांविषयीही बोलते. डिस्चार्ज कार्ड लिहायचं काम बहुतेक ठिकाणी सगळ्यात ज्युनियर मुलावर पडतं, तेही रात्रपाळी संपताना. त्यात तपासण्यांची लांबलचक यादी असते. पण गोळी का बदलली, कोणती बंद केली, पुढच्या डॉक्टरनं कशावर लक्ष ठेवायचं, या तीन ओळी शोधूनही सापडत नाहीत. असा कागद फोटो काढून संगणकावर चढवला तर तो नुसता लवकर पोचेल. एकच औषध दोनदा लिहिलं गेलंय हे संगणकानं ओळखायचं असेल तर औषधाचं मूळ नाव ठरलेल्या पद्धतीनं भरलेलं हवं. केंद्र सरकारनं अशा नोंदींची मानकं २०१३ला जाहीर केली, २०१६ला सुधारली. पण ओपीडीत दीडशे माणसं उभी असताना ती भरायची कोणी? डॉक्टरनं पडद्याकडे पाहत टाइप करायचं की रुग्णाच्या डोळ्यांत पाहायचं? प्रत्येक ओपीडीला नोंदी भरणारा एक प्रशिक्षित माणूस मिळाला नाही, तर ही सगळी यंत्रणा रिकाम्या रकान्यांची होईल, हे मी अनुभवानं सांगते.

तोपर्यंत तुमच्या हातात जे आहे ते मागून घ्या. १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं आहे की रुग्णाला त्याच्या केसपेपरच्या प्रती द्यायला डॉक्टर गुप्ततेच्या नावाखाली नकार देऊ शकत नाहीत. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपाव्या लागतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात. अर्ज करा, पोच घ्या. ईसीजी मिळाला की त्याच दिवशी झेरॉक्स काढा.

ते आजोबा नंतर दर महिन्याला येत राहिले. सून दहावीपर्यंत शिकलेली. तिनं मुलाच्या जुन्या शाळेच्या वहीत रकाने आखले होते. गोळीचं मोठं नाव, खालचं बारीक नाव, सकाळ-संध्याकाळ, कोणी दिली, कधीपासून. बंद झालेल्या गोळीवर एक आडवी रेघ आणि शेजारी तारीख. एकदा मी आजोबांच्या रक्तदाबाची गोळी बदलली आणि केसपेपर तिच्या हातात दिला. तिनं वही उघडून माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "मॅडम, यातपण तुम्हीच लिहा. बारीक नावासकट."