हिरड्या आणि ताट

आपण दंतवैद्य केस पेपरवर तंबाखू विचारतो, मिश्री विचारतो, मधुमेह विचारतो. पेशंट खातो काय, हे बहुतेक वेळा विचारत नाही. हिरड्यांतून रक्त आलं की स्केलिंग, ब्रशचे धडे आणि फार तर जाता जाता 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्या.

या गोळ्यांना इतिहास मोठा आहे. 1747 साली ब्रिटिश नौदलातल्या डॉक्टर जेम्स लिंडने जहाजावर स्कर्व्हीचे 12 खलाशी निवडले. त्यांतले संत्री-लिंबं मिळालेले दोघे झपाट्याने सुधारले. पण असा पेशंट आज आपल्या खुर्चीत क्वचितच बसतो. रोज वरणभातावर लिंबू पिळणाऱ्याच्या हिरड्या सुजल्या असतील, तर गोळीने फारसं साधत नाही.

आपली खरी शिकवण 1965ची, डेन्मार्कमधल्या आरहूसची. दंतसंशोधक हाराल्ड ल्यो यांनी निरोगी विद्यार्थ्यांना दात घासणं थांबवायला लावलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं सुरू केलं, सूज गेली. प्लाक म्हणजेच सूज, हे समीकरण तेव्हापासून आपल्या डोक्यात पक्कं बसलं.

त्याला धक्का दिला तो 2009 साली प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासाने. दहा माणसं चार आठवडे अश्मयुगीन पद्धतीने राहिली. ब्रश नाही, पेस्ट नाही, साखरही नाही. प्लाक दुपटीहून अधिक झाला, आणि प्रोबिंगनंतरचा रक्तस्राव मात्र 34.8 टक्क्यांवरून 12.6 टक्क्यांवर आला! पुढे जर्मनीत फ्रायबुर्गला पिष्टमय पदार्थ कमी आणि ओमेगा-3, चोथा जास्त अशा आहारावर ठेवलेल्या पेशंटांतही रक्तस्राव घटलेला दिसला.

हे ऐकून कुणी ब्रश फेकून देऊ नये. स्वित्झर्लंडच्या अभ्यासात दहाच माणसं, तुलनेला दुसरा गट नाही. शिवाय रक्त थांबलं म्हणजे हाड वाचलं असं नाही. विडी ओढणाऱ्याच्या हिरड्या कमी रक्त देतात आणि आत खिसे खोल होत जातात, हे इथे कुणाला सांगायला हवं? हिरडीखालचं कीटण कुठल्याही पथ्याने निघत नाही. तरीही तेवढ्याच प्लाकवर शरीर किती पेटून उठतं, यात ताटाचा हात आहे, एवढं मी मानते.

उलट्या दिशेचं नातं तर आपण पाहतच नाही. दात हलायला लागले की आधी पेरू सुटतो, मग काकडी-गाजराची कोशिंबीर, शेंगदाणे, मग भाकरीचा पापुद्रा. उरतो मऊ भात, चहात बुडवलेलं बिस्किट आणि उपवासाला साबुदाण्याची खिचडी. त्यात मधुमेह असला तर साखर वर आणि हिरड्या खाली, दोन्ही एकमेकांना ओढतात. घरच्यांना वाटतं, आजींचं वय झालं. (आजींनाही तेच वाटतं.) फिजिशियन आहारतक्ता देतो त्यात मोड आलेली मटकी असते, ती चावायची कशी, हे बघणं आपलं काम आहे.

म्हणून आपल्या संघटनेच्या कार्यकारिणीपुढे मी एक साधी सूचना ठेवते. केस पेपरवर दोन ओळी वाढवा: काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाल्लंत, किती वेळा, आणि दातांमुळे काय खाणं सोडलंत. दुसऱ्या ओळीचं उत्तर स्केलिंगनंतर तीन महिन्यांनी पुन्हा विचारा.